तिसऱ्या पायरीवरची खाजणातली गोगलगाय

गोगलगाय मी निवडली नव्हती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी प्रकल्पाचे विषय वाटले तेव्हा वर्गात नुसता आरडाओरडा झाला. ज्यांचा आवाज मोठा त्यांना पक्षी मिळाले, ज्यांचा त्याहून मोठा त्यांना बिबट्या. फुलपाखरांवरून दोघी मैत्रिणींचं बोलणं बंद झालं. मी शेवटच्या बाकावर वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत बसले होते. सरांनी यादीत उरलेली एकच ओळ पाहिली, मग वर्गात उरलेली एकच मुलगी पाहिली आणि म्हणाले, "तुला गोगलगायी. चालेल ना?"

मी मान हलवली. तोंडाने उत्तर द्यायचं नसलं की मी मान हलवते, आणि तोंडाने उत्तर द्यायचं मला सहसा नसतंच.

मनातून मात्र मी खूश होते. बिबट्याच्या मागे गेलं तर जंगलखात्याच्या लोकांशी बोलावं लागतं, पक्ष्यांच्या मागे गेलं तर दुर्बिणवाल्यांशी. गोगलगायीच्या मागे कोणी लागत नाही. शिवाय काही विचारलं तर तीही आत जाऊन झाकण लावून घेते. आमचं जमण्यासारखं होतं.

आमचं कॉलेज ब्रह्मपुरीला, आणि आत्याचं गाव तिथून जीपने अर्ध्या तासावर. गावाला जुन्या मालगुजारांनी बांधलेला मोठा मामा तलाव आहे, त्याच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागूनच आत्याचं घर. घरात तलावातली मासेमारी आणि थोडं धान. दोन महिने तिच्याकडे राहून तलावातल्या गोगलगायींची नोंद करायची असं ठरलं. मी चंद्रपूरला खाणीच्या कॉलनीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि अजूनही एकोणसाठ म्हणजे किती हे मला मनात इंग्रजीत उलटं करून बघावं लागतं. गावात हे एका दिवसात सगळ्यांना कळलं होतं.

मी घाटावर कोणी नसेल अशी वेळ बघून जायची. सकाळी बायांची धुणी, भांडी, गप्पा आटोपल्या की अकराच्या सुमाराला पायऱ्या रिकाम्या व्हायच्या. मग मी चहाची गाळणी, पांढरी ताटली आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या घेऊन बसायची. गाळणीत चिखल घ्यायचा, पाण्यात हलवायचा, उरेल ते ताटलीत टिपायचं. एवढीच माझी विद्या. पण पाळीवरून येणारं-जाणारं थांबून बघायचंच. त्यात शेजारची काकी पहिली. ती आत्याची जिवाभावाची मैत्रीण, आणि तिचा आवाज तलावाच्या पलीकडे ऐकू जायचा.

"काय शोधून राह्यली वो?"

"गोगलगाय."

"खाची हाय का?"

"नाही. बघायची."

"बाप्पा! पाह्याले शिकाले लागते का गोगलगाय? आमी तं फुकटच पाह्यतो."

यावर काय बोलावं हे मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. माझी सगळी उत्तरं मला आंघोळ करतानाच सुचतात.

तिसऱ्या आठवड्यात ती सापडली. वरून तिसऱ्या पायरीवर, पाण्याच्या काठाला, दगडाच्या भेगेत. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी, तपकिरी, टोकदार, तोंडावर पातळ झाकण. तलावातल्या सगळ्या गोगलगायी तोवर मला ओळखीच्या झाल्या होत्या, ही त्यांच्यातली नव्हती. मोबाइलला भिंग लावून मी तिचे फोटो काढले आणि ओळख पटवायच्या तक्त्यात एकेक पायरी उतरत गेले. झाकण आहे? आहे. शिखर टोकदार? टोकदार. शेवटच्या ओळीवर येऊन पोचले तेव्हा मी तक्ता पुन्हा पहिल्यापासून वाचला. पुन्हा तीच ओळ आली. ही खाजणातली गोगलगाय होती.

खाजण म्हणजे समुद्राच्या भरतीचं पाणी येऊन जातं ती खाऱ्या चिखलाची जमीन. ही इवलीशी गोगलगाय तिथे गवताच्या बुडख्याशी राहते, पूर्ण बुडणं तिला आवडत नाही, पूर्ण सुकणंही आवडत नाही. आणि आमच्यापासून समुद्र इतका लांब, की आत्याने तो फक्त टीव्हीवर पाहिलाय.

मी इकडेतिकडे पाहिलं. घाटावर कोणी नव्हतं. मी एक छोटी उडी मारली. मग पाणी खारट तर झालं नाही ना हे बघायला बोट बुडवून चाटलं.

"तहान लागली तं घरी माठ हाय वो!" पाळीवरून काकी ओरडली. धुण्याची बादली कमरेवर घेऊन ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. म्हणजे उडीही तिने पाहिली होती.

सरांना फोटो पाठवला. मी मेसेज पाठवते, फोन करत नाही, हे सरांना माहीत होतं. तरी त्यांनी लगेच फोन केला.

"अगं, तुला कळतंय का हे काय आहे? झाकण शाबूत आहे. म्हणजे जिवंत मिळाली ना?"

खरं उत्तर असं होतं: सर, झाकण शाबूत आहे, पण मी तिला तीन तास पाण्याच्या वाटीत ठेवलं, मग मिठाच्या पाण्यात ठेवलं, तरी ती हललेली नाही. म्हणजे तीन-चार वाक्यं बोलावी लागली असती, आणि त्यावर सरांनी आणखी चार प्रश्न विचारले असते.

"हो सर," मी म्हणाले.

एवढंच. पुढचं सगळं त्या दोन शब्दांनी केलं.

सरांनी फोटो विभागाच्या ग्रुपवर टाकला. बिबट्यावाल्यांनीसुद्धा अंगठे पाठवले. पुढच्या बुधवारी मला आणखी तीन सापडल्या, त्याच पायरीवर. गुरुवारी एक. मग मंगळवारपर्यंत काही नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी पाच. मी वहीत वार आणि संख्या लिहीत गेले. मग त्याचा आलेख काढला. आलेख इतका सुंदर आला की मी त्याला रंग दिले. दर बुधवारी उंच टोक, मग उतार, मग सपाट. सरांनी तो बघितला आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.

"भरतीची आठवण!" ते म्हणाले. "समुद्र सोडून किती पिढ्या झाल्या असतील, पण अंगातली लय गेली नाही. पक्ष्यांच्या पायाच्या चिखलाला चिकटून आल्या असणार. दर आठवड्याला वर येतात बघ."

भरती आठवड्यातून एकदा येत नाही, हे मलाही माहीत होतं. पण आलेखाला रंग देऊन झाले होते.

नागपूरच्या एक मॅडम आमच्या बाहेरच्या परीक्षक होत्या, आणि आयुष्यभर त्यांनी शंख-शिंपल्यांचंच काम केलं होतं. सरांनी त्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: मी प्रत्यक्ष जागेवर येऊन बघेन, बुधवारच ठरवा. सर म्हणाले, "आता तुझा प्रकल्प म्हणजे विभागाचा प्रकल्प." खोटं कशाला सांगू, वर्गात शिरल्यावर सगळ्यांनी वळून बघितलेलं मला थोडं आवडलं.

आत्याच्या घरी मी सगळं खायची, फक्त सुकट नाही. आमच्या क्वार्टरमध्ये सुकट कधी आलीच नाही, कारण आईच्या मते त्या वासाने भिंती शेजाऱ्यांना चुगल्या सांगतात. मंगळवारी बाजार असायचा. आत्या आणि काकी बाजारातून सुकटीची पुडी आणायच्या, आणि ती घरात आली की मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायची.

"तलावातले मासे सोडून हे सुकलेलं कशाला खाता?" मी एकदा आत्याला विचारलं होतं.

"घरचं खाऊन कटाळा येते ना वो माय. तुमच्या शहरात नाई का, घरी पोळी असते अन् बाहेर जाऊन पिझ्झा खाता?"

मॅडम यायच्या आदल्या आठवड्यात मी खोलीत कागदावर सगळ्या खाजणातल्या गोगलगायी वाळत घातल्या होत्या. आत्याची मांजर आत आली. तलावातल्या इतर गोगलगायींच्या ताटलीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ त्या कागदावर गेली, नाक लावलं, आणि डोळे मिटून एकेक चाटायला लागली. चाटता चाटता एक गिळलीही.

मी मांजरीला उचलून बाजूला केलं आणि कागदाला नाक लावलं. मंगळवारी दार लावून मी ज्याच्यापासून लपायची, तोच वास आला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. त्या दिवशी मी अकरापर्यंत थांबले नाही. साताठच्या सुमाराला पाळीवर गेले आणि पळसाच्या आडून घाटाकडे पाहिलं. बाया नुकत्याच येऊ लागल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर आत्या आणि काकी बसल्या होत्या, दोघींच्या मांडीवर सूप, सुपात सुकट. समुद्रकाठी कोणीतरी उघड्यावर वाळवलेली ती बारीक कोळंबी निवडताना खडे, खेकड्यांच्या तंगड्या, कसल्या कसल्या काड्या निघत होत्या. ते सगळं दोघी पाण्यात भिरकावत होत्या. पण मधूनच काकी काहीतरी चिमटीत धरायची, डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि पदराच्या टोकावर ठेवायची.

"किती झाल्या?" आत्याने विचारलं.

"सहा. सातवी फुटली हाय, चालते का?"

"फुटकी नोको टाकजो. मागच्या वेळी फुटकी पाहून तोंड एवढंसं केलं होतं पोरीनं."

"मी म्हणतो, सांगून दे ना तिले. महिना झाला."

"काऊन सांगू? ज्या दिवशी सापडते त्या दिवशी एक पोळी जास्त खाते. माह्यासंगं आपल्या मनानं बोलते. काल मले समुद्र कसा असते ते सांगून राह्यली होती, अर्धा घंटा. आजवर कधी एवढं बोलली नाई ते."

"उडी बी मारते," काकी म्हणाली. "मी पाह्यलं ना. अशी!" आणि बसल्या बसल्या तिने माझ्या उडीची नक्कल केली. सुकट सांडली. दोघी हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

मग काकीने पदरावरच्या सहा गोगलगायी एकेक करून भेगेत बसवल्या. अगदी मन लावून. एक थोडी तिरकी, एक पाण्याला टेकून. निसर्ग इतकी काळजी घेत नाही.

पहिली आपोआप पडली असणार. माझी उडी बघितल्यावर बाकीच्या त्यांनी माझ्यासाठी ठेवल्या. दर मंगळवारी बाजार, दर बुधवारी टोक. माझा रंगीत आलेख म्हणजे गावाच्या बाजाराचा दिवस होता.

मी घरी आले आणि अकरा वाजता नेहमीसारखी घाटावर गेले. सहाही उचलल्या. पाळीवर काकी होतीच.

"सापडल्या का वो?"

"सहा," मी म्हणाले, आणि थोडी उडी मारली. आता ती मारणं भागच होतं.

पण सरांना सांगायला हवं होतं. मी "हो सर" म्हणाले होते, आणि मॅडम नागपूरहून त्या "हो"साठी येणार होत्या. गुरुवारी मी सरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. सर फोनवर कोणाला तरी सांगत होते, "आमची विद्यार्थिनी आहे, बोलत नाही फारशी, पण नजर बघा!" मी परत फिरले. शुक्रवारी जीपमध्ये मेसेज लिहिला आणि ब्रह्मपुरी येईपर्यंत एकेक शब्द पुसला. शनिवारी सरांनी स्वतःच विचारलं, "मॅडमना एखादी जिवंत दाखवता येईल ना?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे सरांवर सोडलं.

मॅडम येणार हे आत्याच्या घरात मी सांगितलं, ती माझी दुसरी चूक. "नागपूरच्या बाई येऊन राह्यल्या," हे काकीने गावभर केलं. मंगळवारी बाजारातून कोणाकोणाच्या घरी सुकट आली आणि कोणाकोणाला काय निवडून ठेवायला सांगितलं गेलं, हे मला बुधवारी कळलं.

मॅडम साठीच्या आसपासच्या, साध्या साडीतल्या, पायात पळायचे बूट. सर त्यांच्या पुढे पुढे चालत होते. आम्ही पाळीवरून घाटावर उतरलो. एरवी अकराला रिकामा असणारा घाट त्या दिवशी भरलेला. सगळ्या बाया धुतलेलेच कपडे पुन्हा धूत होत्या. आत्या आणि काकी दोन्ही बाजूंना, लग्नात मांडवाशी उभं राहावं तशा.

तिसरी पायरी गोगलगायींनी भरली होती. भेगेत, भेगेबाहेर, ओळीने, गठ्ठ्याने. सर म्हणाले, "बघा! आज भरतीची लय जोरात आहे!" मॅडमनी चष्मा वर केला, वाकल्या आणि सगळ्या इवल्या गोगलगायी सोडून भेगेच्या टोकाला असलेलं काहीतरी उचललं.

ती कवडी होती. चांगली अंगठ्याएवढी. पाठीला भोक, भोकात लाल दोऱ्याचा तुकडा.

पोळ्याला आत्या आपल्या बैलांच्या गळ्यात जी कवड्यांची माळ घालते, तिच्यातली. पायरीवर अशा आणखी दोन होत्या.

"ही पण इथलीच?" मॅडमनी विचारलं.

"हो तं!" काकी म्हणाली. "पावसाळ्यात या ना बाई. ढीग पडते ढीग."

सरांचा चेहरा पाहवत नव्हता. ते कवडीकडे बघत होते, मग दोऱ्याकडे, मग माझ्याकडे. आत्याही माझ्याकडे बघत होती, काहीतरी बिघडलंय हे कळून पण काय ते न कळून. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. गावातल्या बायांनी फसवलं, मुलगी बिचारी साधी, असं म्हणून सगळे जीपमध्ये बसले असते. माझं नाव स्वच्छ राहिलं असतं. मला फक्त मान खाली घालायची होती, आणि ते तर मला चांगलं येतं.

"मॅडम," मी म्हणाले. माझा आवाज घाटावर इतका मोठा आला की धुणं थांबलं. "ह्या सुकटीतल्या आहेत. समुद्रावरून वाळून येतात, इथे निवडताना पडतात. मला आठवड्याभरापासून माहीत आहे. ह्यांनी माझ्यासाठी ठेवल्या, मला आवडतात म्हणून. ह्यांना काय माहीत मी पुढे काय लिहिलंय. जिवंत मला एकही मिळाली नाही, पहिलीसुद्धा नाही. सरांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. ते खोटं होतं. फोनवर बोलायचं टाळायला बोलले."

शेवटचं वाक्य मी आंघोळीत तयार केलेलं नव्हतं. ते तसंच आलं.

मॅडम पायरीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी बोटाच्या टोकाने त्या इवल्या गोगलगायी पलटून पाहिल्या. मग काकीला विचारलं, "सुकट कोणत्या बाजारातली?" काकीने तोंड फिरवलं. आत्याने सांगितलं. मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओळख बरोबर पटवलीस. बाकी ते पान फाडून टाक. आणि तो आलेखही." मग सरांना म्हणाल्या, "तलावातल्या बाकीच्या जाती दाखवा आता. आलेच आहे तर."

पान फाडलं. सरांनी ग्रुपवरचा फोटो काढून टाकला, आणि पंधरा दिवस ते माझ्याशी फक्त दुसऱ्या कोणामार्फत बोलले. गुण बेताचे मिळाले, ते रास्तच होते. आलेख मात्र मी फाडला नाही. तो वहीत घडी करून ठेवलाय.

खरा राग आला तो काकीला.

"एवढी मेहनत घेतली आमी," ती आत्याला सांगत होती, मला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणजे तलावाच्या पलीकडेही. "घरोघरी सांगितलं. सोन्यासारखी सुकट तीन तीनदा निवडली. दोन महिने पोरीचं तोंड उघडाची वाट पाह्यली. अन् उघडलं तं कुठी उघडलं? त्या बाईसमोर!"

"अन् कवड्या कोणं टाकल्या?" आत्या म्हणाली. "माह्या बैलाचा गळा उघडा करून?"

"मोठी गोगलगाय पाहून बाई खूश होईन वाटलं मले."

संध्याकाळी मी आणि आत्याने ओसरीत बसून त्या तीन कवड्या माळेत पुन्हा ओवल्या. जेवताना तिने माझ्या ताटात विचारायच्या आधीच जास्तीची पोळी टाकली. बाजूला सुकटीची चटणी होती. मी एक घास खाल्ला. आईला हे सांगितलेलं नाही.

काकीने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. म्हणजे मी तिच्याशी जशी वागत आले तशीच ती माझ्याशी वागली. मला ते फार लागलं.

पुढच्या बुधवारी मी अकराला घाटावर गेले. बाकीच्या जातींची नोंद पुरी व्हायची होती. पाळीवर कोणी नव्हतं. तिसऱ्या पायरीच्या भेगेत, ज्या जागेवर पहिली सापडली होती बरोबर त्याच जागेवर, एक अख्खी सुकलेली कोळंबी उभी बसवलेली होती. मिशा पाण्याकडे, शेपूट माझ्याकडे.

"जिवंत हाय का पाह्य!" पळसाच्या आडून काकी ओरडली.

मी ती चिमटीत उचलली, डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट करून नीट पाहिली.

"नाही काकी," मी तलावाच्या पलीकडे ऐकू जाईल असं ओरडले. "मेली आहे!"

मग वहीत लिहिलं: बुधवार, तिसरी पायरी, एक.